टक्कल आणि पाहणाऱ्यांची नजर

२०१९ या एकाच वर्षात, डोक्यावरचे केस गमावलेल्या माणसाला कथेच्या मध्यभागी आणणारे तीन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले. मार्चअखेर ‘गॉन केश’ आला. नोव्हेंबरच्या आरंभी ‘उजडा चमन’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘बाला’ आला. यांपैकी ‘उजडा चमन’ हा ‘ओंदु मोट्टेय कथे’ या २०१७ मधील कन्नड चित्रपटावरून बेतलेला. मूळ कथा मंगळूरची, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची. हे चित्रपट आता घरबसल्या पुन्हा पाहता येतात. ते एकापाठोपाठ पाहिले असता त्यांच्या गुणदोषांतून आपल्याच घरांविषयी काही बोलता येईल, असे आम्हांस वाटले. वाङ्मयीन त्रैमासिकाने टकलासारखा विषय घ्यावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या दुःखाचा उच्चार करताच समोरचा हसतो, त्या दुःखाची दखल साहित्याने नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?

मालवणच्या किनाऱ्यावर केस ही केवळ शरीराची बाब नाही. लहानपणी आजीच्या हाताने डोक्यावर जिरवलेले खोबरेल, माक्याचे आणि जास्वंदीचे तेल, सणाला अंबाड्यावर माळलेला आबोलीचा वळेसर, या साऱ्यांतून माया केसांच्या वाटेने पोहोचत असते. आपल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो. नातेवाईक एकामागून एक येऊन नवऱ्यामुलाच्या आणि नवरीच्या अंगाला, डोक्याला नारळाचा रस लावतात. मांडवात हास्यविनोद चालतात. अशा वेळी तिशीच्या आतच विरळ झालेल्या डोक्यावर रस ओतताना कोणी मोठ्याने शेरा मारला, तर सारा मांडव हसतो. नवरामुलगाही हसतो. त्या हसण्यामागे त्याला काय वाटत असेल याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

या विषयावरचे जुने वाङ्मय पाहिले तर दोन वाटा दिसतात. पहिली चेष्टेची. भर्तृहरीच्या नीतिशतकात, वामनपंडितांमुळे जे मराठीत घरोघरी पोहोचले, एका टकल्या माणसाचा श्लोक आहे. उन्हाने डोके तापले म्हणून तो झाडाखाली जातो आणि नेमके वरून मोठे फळ पडून त्याचे डोके फुटते. दुर्दैव माणसाची पाठ सोडत नाही, हे कवीला सांगायचे आहे. परंतु दुर्दैवी माणूस दाखवायचा तर कवीला टकलाच सुचावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नारळाच्या झाडाखाली वावरणाऱ्या आम्हां किनारपट्टीच्या लोकांना श्लोकातला धोका कळतो, पण त्यातला माणूस आम्हीही कधी पाहिलेला नसतो.

दुसरी वाट स्तुतीची. उत्तर आफ्रिकेतील सायरीन येथील सिनेसियस हा विद्वान, जो पुढे टॉलेमाइसचा बिशप झाला, त्याने इसवी सन ४०० च्या सुमारास टकलाची स्तुती करणारा एक ग्रीक निबंध लिहिला. डायो क्रिसोस्टोम याने केसांची स्तुती केली होती, तिला हे उत्तर होते. गोल हा सर्वांत परिपूर्ण आकार, तत्त्वज्ञ बहुधा टकलेच असतात, असे खट्याळ युक्तिवाद त्यात आहेत. निबंध वाचनीय आहे. परंतु आमच्या मते त्यातला खरा भाग आरंभीचा आहे. आपले केस गळू लागले तेव्हा आपण किती खचलो, आपल्याच वाट्याला हे का आले, अशी तक्रार लेखक तेथे मोकळेपणाने करतो. पुढचे सारे बुद्धिचातुर्य त्या जखमेवर घातलेली फुंकर आहे. चेष्टा आणि स्तुती या दोन्ही वाटा दुःखाला वळसा घालून जातात. एक दुःख क्षुद्र ठरवते आणि दुसरी ते नाहीच असे भासवते.

आता चित्रपटांकडे वळू. ‘ओंदु मोट्टेय कथे’ राज बी. शेट्टी यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि नायकाचे कामही स्वतःच केले. जनार्दन हा कन्नडचा प्राध्यापक. वय अठ्ठावीस, डोक्यावर केस नाहीत आणि लग्न जमत नाही. या चित्रपटाचे मोठेपण असे की तो नायकाला केवळ बिचारा ठरवत नाही. रूपावरून नाकारला गेलेला हा तरुण, स्थूल शरीराची एक मुलगी समोर येताच तिला त्याच मापाने मोजू लागतो. हिंदी रूपांतरात हा गाभा कायम आहे, पण विनोद भडक झाल्याने त्याची धार कमी झाली आहे. दुखावलेला माणूस आपोआप दयाळू होतो, ही आपली भाबडी समजूत मंगळूरचा चित्रपट शांतपणे मोडतो.

‘बाला’ अधिक चतुर आहे. कानपूरचा बालमुकुंद शाळेत असताना दाट केसांच्या तोऱ्यात टकल्या शिक्षकांचे व्यंगचित्र फळ्यावर काढतो. पुढे त्याच्याच डोक्यावर तीच पाळी येते. तो गोरेपणाची क्रीम विकण्याचे काम करतो, म्हणजे ज्या नजरेने त्याला जखमी केले तिच्यावरच त्याचे पोट चालते. तो टोप घालून, खरे लपवून लग्न करतो आणि लग्न मोडते. पत्नी त्याला सोडते आणि चित्रपट तिला खलनायिका ठरवत नाही, ही त्यातली न्यायबुद्धी आम्हांस मोलाची वाटते. परंतु याच चित्रपटात सावळ्या नायिकेच्या भूमिकेसाठी गोऱ्या अभिनेत्रीचा चेहरा रंगवून काळा केला आहे. जे आहे ते स्वीकारा, असा उपदेश करणाऱ्यांनी सावळी अभिनेत्री मात्र स्वीकारली नाही. ही विसंगती प्रदर्शनाच्या वेळीच अनेकांनी दाखवून दिली होती आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

टोपाविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भागातील दशावतारात स्त्रीपार्टी नट केसांचा टोप लावून रात्रभर द्रौपदी किंवा तारामती होतो. पहाटे तो टोप उतरवतो तेव्हा त्याला कोणी लबाड म्हणत नाही, कारण तो टोप आहे हे सर्वांना आरंभापासून ठाऊक असते. तेव्हा दोष टोपाचा नव्हे. औषधोपचारात केस गेलेल्या बाईने टोप घालावा किंवा रुमाल बांधावा, हा तिचा प्रश्न आहे. ज्याच्याशी आयुष्याचा करार करायचा त्याच्यापासून सत्य लपवले की मात्र टोपाचे ओझे होते.

तिन्ही हिंदी चित्रपटांत ‘गॉन केश’ सर्वांत कमी गाजला, आणि आम्हांस तो सर्वांत जवळचा वाटला. सिलिगुडीच्या सामान्य घरातील एनाक्षीचे केस शाळकरी वयातच जाऊ लागतात. आईवडील डॉक्टरांमागून डॉक्टर करतात, साठवलेला पैसा खर्च करतात. एका खोलीत तिघे जण एकमेकांपासून आपापले दुःख लपवत राहतात, हे या चित्रपटाने फार हळुवारपणे दाखवले आहे. आमची तक्रार शेवटाविषयी आहे. नृत्यस्पर्धेच्या मंचावर, टाळ्यांच्या साक्षीने तिची सुटका होते. ज्या मुलीला नाचता येत नाही, जिला कोणी टाळ्या देणार नाही, तिने काय करावे? टक्कल असलेल्या मुलीने आधी काहीतरी असामान्य करून दाखवावे आणि मगच तिला साधे जगता यावे, ही अट अन्यायाची आहे.

स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक खोल जातो, कारण मराठी समाजात स्त्रीचे केशहीन मस्तक हा दीर्घकाळ शिक्षेचा शिक्का होता. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या आद्य मराठी कादंबरीचा विषयच विधवांची दुःस्थिती हा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीच्या नायिकेचे नावही यमुनाच आणि तिच्यावर लादलेले केशवपन हा त्या कादंबरीचा सर्वांत दारुण प्रसंग. ही प्रथा केवळ विधवांच्या धैर्याने हटली नाही. १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निश्चय जाहीर केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. स्वीकार करावा, असे आपण केस गमावलेल्यालाच सांगत असतो. वास्तविक अर्धे काम सभोवतालच्यांचे असते.

याचा पडताळा महाराष्ट्रास अलीकडेच आला. २०२४ संपता संपता आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव आणि आसपासच्या गावांत, शेकडो लोकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. केंद्रीय संशोधन संस्थांची पथके आली, पाण्याची तपासणी झाली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. बहुतेकांचे केस पुढे पुन्हा येऊ लागले. परंतु मधल्या काळात त्या गावांशी सोयरीक नको, त्यांच्या जवळ बसायला नको, अशा वागणुकीच्या बातम्या वृत्तपत्रांत येत होत्या. केस परत आले, तरी त्या आठवड्यांत शेजाऱ्यांनी कसे पाहिले, हे त्या घरांतील मुली लवकर विसरतील असे आम्हांस वाटत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला यात नवल वाटू नये. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात कातडीच्या रोगांवरून माणसाला अशुद्ध ठरवण्याचे कडक नियम आहेत. त्यातच थांबून नियमकर्ता सांगतो, की ज्याचे केस गळून टक्कल पडले तो शुद्धच आहे. हे सांगावे लागले, याचाच अर्थ लोक तेव्हाही संशयाने पाहत असावेत. बेथेलच्या वाटेवर पोरांनी अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवले आणि त्याने शाप दिला, ही कथा आपल्याला अवघड वाटते. परंतु चेष्टेने संदेष्टाही घायाळ होतो, एवढे तरी ती सांगतेच. घरोघरी ज्याची तसबीर असते त्या संत अंतोनीच्या डोक्यावर केसांची केवळ एक कडी असते. धर्मसेवेच्या प्रवेशाचे चिन्ह असलेला तो मुंडनविधी पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली बंद केला. त्या डोक्यासमोर आपण मेणबत्ती लावतो. तेच डोके शेजारच्या बाकावर दिसले की मात्र नजर बदलते.

मग आपण काय करावे? प्रथम, गळणाऱ्या केसांचे दुःख हे दुःख म्हणून मान्य करावे. त्यात दुःख कसले, हे वाक्य घरातून हद्दपार व्हावे. पुढे, वैद्यकाची मदत योग्य तेवढी घ्यावी. पुरुषांचे वयोपरत्वे पडणारे टक्कल बहुतांशी आनुवंशिक असते, आणि ते आई व वडील या दोन्ही बाजूंनी येऊ शकते. चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा परिणाम आहे आणि तो संसर्गजन्य नाही. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुधा परत येतात. कर्करोगावरील औषधांनी गेलेले केसही उपचार संपल्यावर सहसा उगवतात. हे ठाऊक असेल तर निम्मी भीती ओसरते आणि जाहिरातींच्या तेलावर पैसा जात नाही.

आणि शेवटी, बोलण्याची पद्धत बदलावी. लग्नाची बोलणी करताना खरे आधी सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ते स्थळ नाकारण्याचे निमित्त करू नये. आजाऱ्याला भेटायला जाताना डोक्याकडे न पाहण्याची धडपडही करू नये, कारण तीही लपत नाही. त्याच्याशी पूर्वी जे बोलत होतो तेच बोलावे. ‘बाला’च्या नायकाला आपले डोके आरशात सहन व्हायला सारा चित्रपट लागतो. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला तो काळ थोडा कमी लागावा, एवढे आपल्या हातात नक्कीच आहे. पुढच्या रोसाच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या विरळ डोक्यावर रस ओतताना आपण काय बोलतो, यावर ते अवलंबून राहील.