राउटरमधील अग्रक्रम आणि बँडविड्थचे वाटप : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राउटर हे केवळ वाट दाखविणारे यंत्र नाही. कोणाला आधी सोडावयाचे आणि कोणाला थांबवावयाचे, हा निर्णयही तेच करते. येणारी पॅकेट्स बाहेर जाणाऱ्या दुव्याच्या क्षमतेहून अधिक झाली की रांग निर्माण होते आणि तेथेच अग्रक्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘सेवेची गुणवत्ता’ या नावाखाली या प्रश्नाला जी उत्तरे देण्यात आली, त्यांची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

अग्रक्रमाच्या खुणेची वाटचाल

जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९१ (१९८१) या मूळ दस्तऐवजातच ‘सेवाप्रकार’ दर्शविणारे ८ बिटांचे क्षेत्र आढळते. त्यातील ३ बिट अग्रक्रमासाठी राखून ८ पातळ्या कल्पिल्या होत्या. ‘रूटीन’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही त्यांची नावे लष्करी संदेशवहनातून आलेली आहेत. लष्करात अशा खुणेमागे अधिकार आणि शिस्त उभी असते. खुल्या जाळ्यात मात्र स्वतःच्या पॅकेटवर सर्वोच्च खूण करण्यास कोणालाही काहीच खर्च येत नाही. प्रत्येकजण अग्रमानाचा मानकरी ठरला, की अग्रमानाला अर्थ उरत नाही.

ब्रेडन, क्लार्क व शेंकर यांच्या आरएफसी १६३३ (१९९४) ने दुसरा मार्ग सुचविला : प्रत्येक प्रवाहासाठी मार्गावरील सर्व राउटरांत बँडविड्थ आधीच राखून ठेवावी. तत्त्वतः हे उत्तर निर्दोष होते. परंतु एकाच वेळी असंख्य प्रवाह वाहून नेणाऱ्या मुख्य राउटराने प्रत्येकाची नोंद सांभाळावी, ही अपेक्षा अव्यवहार्य ठरली. म्हणून १९९८ च्या आरएफसी २४७४ व २४७५ ने ६ बिटांच्या, म्हणजे ६४ मूल्यांच्या, खुणेवर आधारित वर्गवारी आणली. वर्गीकरण व मोजमाप जाळ्याच्या सीमेवर व्हावे, गाभ्यातील राउटराने केवळ वर्ग पाहावा, अशी ही श्रमविभागणी आहे. तिची मर्यादाही सीमेवरच दिसते. एका जाळ्याने दिलेली खूण दुसऱ्या जाळ्याने मानावी, असे बंधन नाही. इंटरनेट२ या प्रकल्पातील टायटेलबॉम व शालुनोव्ह यांनी २००२ मध्येच अशी ‘प्रीमियम’ सेवा का रुजली नाही, याची परखड मीमांसा केली होती.

अग्रक्रमाचे गणित

अग्रक्रमाने बँडविड्थ वाढत नाही. विलंब केवळ एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या संरक्षण-नियमाचा आशय हाच आहे. दुवा रिकामा ठेवला जात नसेल आणि पॅकेट्स टाकून दिली जात नसतील, तर वर्गांचा क्रम बदलला तरी त्यांच्या प्रतीक्षाकाळाची भारानुसार केलेली बेरीज बदलत नाही. यावरून अग्रक्रम निरर्थक ठरत नाही. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांत विभागलेल्या जी.७११ पद्धतीच्या संभाषणाला शीर्षकांसह सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद एवढीच जागा लागते. त्याला पुढे घेतल्याने इतरांचे नुकसान अल्प आणि त्याचा लाभ मोठा असतो. मात्र भरघोस भार असलेल्या वर्गाला हाच मान दिला, तर मागे राहिलेल्यांची उपासमार अटळ असते.

विकार रांगेच्या लांबीत

या चर्चेत दीर्घकाळ एक मूलभूत बाब दुर्लक्षित राहिली. १ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या दुव्यावर १५०० बाइटांचे एक पॅकेट पाठविण्यास १२ मिलिसेकंद लागतात. २५६ पॅकेट्सची साठवण भरली, तर शेवटच्या पॅकेटला तीन सेकंदांहून अधिक काळ थांबावे लागते. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा संकेत आहे. एकही पॅकेट हरवू नये या सदिच्छेने वाढविलेली साठवणच येथे विकाराचे कारण होते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या ‘बफरब्लोट’कडे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांची ‘कोडेल’ पद्धत (२०१२) रांगेची लांबी न मोजता पॅकेटने रांगेत घालविलेला काळ मोजते. तो सुमारे १०० मिलिसेकंद सातत्याने ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर ती पॅकेट्स टाकू लागते आणि पाठविणाऱ्यास वेग कमी करण्याचा संकेत मिळतो. तिला न्याय्य रांगेची जोड देणारी पद्धत आरएफसी ८२९० (२०१८) मध्ये नोंदविली गेली. तीत खुणेची गरजच उरत नाही.

हे उत्तरही पूर्ण नाही. येथे न्यायाचे एकक व्यक्ती नसून प्रवाह आहे. अधिक प्रवाह उघडणारा अधिक वाटा घेऊन जातो. शिवाय ग्राहकाकडे येणाऱ्या वाहतुकीची रांग सेवादात्याच्या उपकरणात साचते. घरचा किंवा महाविद्यालयाचा राउटर आपला वेग दुव्याच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवून ती रांग स्वतःकडे ओढून घेऊ शकतो, परंतु त्यासाठी क्षमतेचा काही अंश सोडावा लागतो.

निर्णयाचा अधिकार

तंत्राचा प्रश्न येथे धोरणाच्या प्रश्नाला भिडतो. स्वतःच्या जोडणीवर वापरकर्त्याने ठरविलेला अग्रक्रम आणि सेवादात्याने पैसे घेऊन विकलेला अग्रक्रम, यांचे तंत्र एकच असले तरी त्यांची नैतिक प्रत भिन्न आहे. सर्वसाधारण रांग पुरेशी वेगवान असेल, तर विशेष रांग कोण विकत घेईल? म्हणजे सर्वसाधारण सेवा मंद राहण्यात विक्रेत्याचा हितसंबंध निर्माण होतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेल्या शिफारशींत आशयावरून होणाऱ्या भेदभावास विरोध करून ‘वाजवी वाहतूक व्यवस्थापना’स मुभा दिली; जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या स्वीकारल्या. ‘वाजवी’ या एका शब्दावर सारी भिस्त आहे.

निष्कर्ष

प्रथम रांग आखूड करावी, मग न्याय्य वाटप करावे आणि त्यानंतरही गरज उरली तरच अल्प भाराच्या, विलंब न साहणाऱ्या वाहतुकीस अग्रक्रम द्यावा, हा क्रम वरील विवेचनातून निष्पन्न होतो. व्यवहारात तो बहुधा उलटा राबविला जातो. कोणतीही अग्रक्रम-योजना तपासताना कोण पुढे गेले एवढेच पाहून भागत नाही. त्यासाठी कोण थांबले आणि त्याला थांबविण्याचा निर्णय कोणी घेतला, हेही विचारले पाहिजे.