दरबारी गुदगुल्या आणि मालेरावाचे विंचू

राजेरजवाड्यांविषयीच्या आख्यायिकांत गुदगुल्यांचा एक स्वतंत्र कप्पाच आहे. रशियाच्या सम्राज्ञींनी तळपायांना गुदगुल्या करण्यासाठी खास बायका पदरी ठेवल्या होत्या, असे सांगतात. चीनमध्ये हान घराण्याच्या काळी बड्या लोकांना गुदगुल्यांची शिक्षा देत, कारण तिचा वळ अंगावर उठत नसे, असेही सांगतात. रोमन लोक म्हणे कैद्याच्या तळव्यांना मीठ चोळून ते शेळीकडून चाटवून घेत. या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात, डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणारा भेटत नाही. शेळीची गोष्ट मात्र एका ठिकाणी ठसठशीतपणे सापडते, आणि ती बखर नसून कादंबरी आहे. ग्रिमेल्सहाउझेन या जर्मन लेखकाची १६६८ साली प्रसिद्ध झालेली ‘सिंप्लिसिसिमस’. तीत तीस वर्षांच्या युद्धातले शिपाई एका शेतकऱ्याला बांधतात, तळव्यांना ओले मीठ लावतात आणि शेळी सोडतात. शेतकरी हसत हसत पुरलेले धन दाखवून मोकळा होतो. पण मला त्या प्रसंगातली दुसरीच गोष्ट अधिक भेदक वाटते. ही कथा सांगणारे पोर तिथेच उभे आहे, त्या शेतकऱ्यालाच ते बाप समजते, आणि बाप हसतो आहे हे पाहून तेही हसू लागते.

त्या पोराची आठवण मला इंदूरच्या एका आख्यायिकेने करून दिली.

आपल्याकडे दरबारी गुदगुल्यांची जागा विंचवांनी घेतली आहे. मल्हारराव होळकरांचा नातू, अहिल्याबाईंचा एकुलता मुलगा मालेराव ब्राह्मणांना दान देई, त्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू दडवून ठेवी. रुपयांनी भरलेल्या हंड्यात विषारी जिवाणू सोडी. हात घालणारा तडफडू लागला की स्वतः खदखदून हसे. गोष्टीची घडण तीच आहे. एकाने अंग वेडेवाकडे करायचे आणि सत्ताधीशाने हसायचे. आमच्यापैकी बहुतेकांनी ही कथा लहानपणी ऐकली, पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांत वाचली, नाटकांत पाहिली. मीही ती नववीच्या वर्गात अनेक वर्षे रंगवून सांगितली आहे. हंड्यात हात घालण्याचा अभिनयसुद्धा करीत असे. वर्ग हसे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने विचारले, “सर, हंड्यात विंचू कोण भरायचं? त्याला नाही चावायचे?” वर्ग पुन्हा हसला, आणि मी त्याला खाली बसवले. तो प्रश्न टीकाकाराचा होता, हे कळायला मला बराच काळ लागला.

या कथेचे आपल्या हाती असलेले ठळक लेखी रूप जॉन माल्कमचे आहे. १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाल्यावर माळव्याची व्यवस्था लावणारा हा अधिकारी. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली निघाला. म्हणजे मालेरावाच्या मृत्यूला तोवर अर्धशतक उलटून गेले होते. माल्कम अहिल्याबाईंचा निस्सीम चाहता होता, तरी त्याने एका बाबतीत फार चोख काम केले. मुलाच्या मृत्यूत आईचा हात होता, अशी कुजबुज त्याच्या कानी आली. ती त्याने बारकाईने तपासली आणि निराधार ठरवली. त्याला मिळालेली हकीकत अशी : महालातल्या एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून मालेरावाने कशिदा काढणाऱ्या एका कारागिराला मारले. तो निर्दोष होता असे पुढे कळले आणि मालेराव भ्रमिष्ट झाला. त्या कारागिराचेच भूत त्याला लागले, असे लोक समजले. आई उशाशी बसून त्या भुताची विनवणी करीत राहिली, देऊळ बांधते म्हणाली, त्याच्या कुटुंबाला जहागीर देते म्हणाली. भूत मानले नाही.

या पानांवर आईची व्यथा खरी वाटते. परंतु विंचवांबाबत माल्कमने अशीच चौकशी केल्याचे दिसत नाही. आईवरचा आळोप त्याने पारखून घेतला आणि मुलावरचा तसाच पुढे चालवला. आमच्या कादंबरीकारांनी त्याच्याही पुढे मजल मारली. माल्कमला मालेराव मुळातच दुबळ्या, अस्थिर बुद्धीचा वाटतो. आमच्याकडे तो निव्वळ दुष्ट झाला. समईची ज्योत उजळ दिसावी म्हणून मागची भिंत काजळाने रंगवावी, तसे हे झाले. अहिल्याबाईंना अशा भिंतीची गरज होती काय?

वस्तुस्थिती किती तोकडी आहे पाहा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात बाप खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला, तेव्हा मालेराव लहान होता. १७६६ च्या मे महिन्यात आजोबा गेले. विशीतल्या या तरुणाला सुभेदारी मिळाली आणि जेमतेम नऊ-दहा महिन्यांत, १७६७ साली तोही गेला. लगेच दिवाण गंगाधर यशवंत आणि राघोबादादा यांनी दौलतीवर हात टाकण्याचा घाट घातला. अशा वेळी मृत धनी क्रूर होता आणि त्याची आई संशयास्पद होती, या दोन्ही अफवा कोणाच्या पथ्यावर पडल्या असतील, हे सांगायला नको. दान घेणारा वर्गच कथा सांगणाराही होता, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी बाब आहे.

क्रौर्य घडलेच नाही, असे माझे म्हणणे नाही. कारागिराचा खून मला खरा वाटतो, कारण त्यात हसू नाही. याच घराण्यातल्या विठोजी होळकराला १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि दुसऱ्या बाजीरावाने ते पाहिले. त्या क्रौर्याचे परिणाम तारीखवार दिसतात : २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, यशवंतरावाने पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. विंचवांच्या कथेला असा मागचा-पुढचा धागा नाही. एकाही चावलेल्या माणसाचे नाव तीत येत नाही. शिवाय विंचू चावलेल्याला हसण्याची आम्हां मराठी श्रोत्यांना एकनाथांच्या भारुडापासून सवयच आहे. फक्त नाथांचा विंचू आपल्याच आतला होता, हे आम्ही विसरतो.

काही वर्षांपूर्वी इंदूरला गेलो होतो. राजवाडा पाहिला, १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला होता, तो पुन्हा उभारलेला आहे. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. विमानतळाला त्यांचे नाव, विद्यापीठाला त्यांचे नाव. मालेरावाच्या नावाची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. पण राजवाड्याजवळ ‘आडा बाजार’ नावाची जागा आहे, आणि तिच्या नावात तो लपलेला आहे.

त्या नावाची कथा सर्वांना पाठ आहे. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडले. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंनी मुलाला तसेच चिरडण्याचा हुकूम दिला. कोणी धजेना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या, आणि प्रत्येक वेळी तीच गाय आडवी आली. हीच कथा तमिळ देशी तिरुवारूरच्या मनुनीती चोळाविषयी सांगतात. श्रीलंकेच्या ‘महावंसा’त ती एळार राजाच्या नावावर आहे, म्हणजे होळकरांच्या हजारावर वर्षे आधीची. तिथे राजपुत्र मरतो. इंदूरकरांनी मात्र गाय आडवी घातली आणि त्याला वाचवले. सारे पंडित आणि कादंबरीकार एका बाजूला असताना बाजारातल्या अनाम माणसांना त्या पोराची दया आली, हे मला विलक्षण वाटते.

तिथल्या एका दुकानात थोडा टेकलो होतो. मालक वयस्क, मराठी बोलणारे. त्यांनी आपण होऊन ही गोष्ट सांगितली, जिथे गाय बसली ती जागाही बोटाने दाखवली. मी विचारले, “काका, त्या मुलाचं नाव काय होतं हो?”

ते जरा घुटमळले. “नाव नाही बुवा ध्यानात,” म्हणाले. “अहिल्यामातेचा मुलगा. पण गाय इथंच होती.”