दिवे नकोत, खाच बघा

आम्ही कोलशेतचे. लहानपणी गावाला जायचं म्हणजे आधी टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, आणि तिथे वजनाचं यंत्र. लाल-पिवळे दिवे, काचेआड फिरणारी चकती, नाणं टाकलं की खट्‌ आणि खाली पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसरीकडे भविष्य. या यंत्रांवरचं लिखाण बहुतेक इथेच थांबतं. माझी तक्रार त्याबद्दल आहे, आणि तिच्यात माझा पहिला संशोधन प्रस्तावही आला.

त्यात मी नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा इतिहास १९७२ पासून, म्हणजे अटारीच्या ‘पाँग’पासून सुरू केला होता. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “यंत्राला नाणं कळतं कसं?” मला सांगता येईना. पडदा धरून लिहिलं की १९७२ ही सुरुवात वाटते. नाण्याची खाच धरली तर गॉटलीबचा १९३१ चा ‘बॅफल बॉल’, त्याआधीची १८८० च्या दशकातली विलायती वजनयंत्रं आणि आपलं ठाणे स्टेशन एकाच घराण्यातले निघतात.

यांत्रिक खाच नाण्यावरचा आकडा वाचत नाही. मोठं नाणं आत शिरतच नाही. लहान असलं तर मधूनच निसटून परत येतं. बरोबर मापाचं नाणं तराजूसारख्या छोट्या दांडीवर पडतं, आणि वजन पुरेसं असलं तरच दांडी झुकते. काही यंत्रांत शिवाय लोहचुंबक असतो, लोखंडी चकत्या टाकून फसवणाऱ्यांसाठी. आता गंमत बघा: १९९२ पासूनचा आपला स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो! म्हणजे अशा खाचेला खरा रुपयाच खोटा.

आणखी एक. १९९२ चा रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही तेवढंच, तेच वजन. त्याच मालिकेतला रुपया मात्र जेमतेम २२ मिलिमीटर. जुन्या रुपयाला बसवलेली खाच नवा रुपया परत करेल आणि दोन रुपये मुकाट गिळेल. त्याच वर्षी ३० जूनला चार आणे चलनातून गेले, ते वेगळंच.

मग मुलाखतीत कोणी म्हणालं, “पुढे वजनाला दोन रुपये पडायला लागले,” तर तुम्ही काय लिहाल? मालकाने भाव वाढवला? की टांकसाळीने? मी आधी बिनदिक्कत पहिलं लिहिलं असतं. तोंडी आठवण इथे खोटी नसते, फक्त कारण सांगत नाही. कारण खाचेत असतं.

म्हणून फील्डवर्कला निघताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागवू नका. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि खिशात तीन नाणी: १९९२ नंतरचा मोठा रुपया, २०११ च्या मालिकेतला छोटा, आणि त्याच मालिकेतले दोन रुपये. यंत्र बंद असलं तरी खाच मोजता येते. मालकाला विचारून, अर्थात.