ज्योतीचं पुढे काय झालं?

न्यूयॉर्कच्या एका गर्भपात केंद्रात समुपदेशक बाई समोर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला एकेक प्रश्न विचारतात. जोडीदाराने कधी मारलं आहे का? मनाविरुद्ध कधी जबरदस्ती केली आहे का? उत्तराला चारच पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. एलायझा हिटमनच्या 2020 सालच्या ‘नेव्हर रेअरली समटाइम्स ऑलवेज’मधला हा प्रसंग. कॅमेरा ऑटमच्या, म्हणजे सिडनी फ्लॅनिगनच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो. आधी झटपट येणारी उत्तरं हळूहळू अडखळतात आणि मग तिला रडू आवरत नाही. तिच्यावर काय गुदरलं हे चित्रपट शेवटपर्यंत उलगडून सांगत नाही. फ्लॅशबॅक नाही, गुन्हेगाराची ओळख परेड नाही. तरीही सगळं कळतं. किशोरवयीन गरोदरपणावरच्या चित्रपटांत यापेक्षा सच्चा प्रसंग मी पाहिलेला नाही.

या विषयावरच्या प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारून पाहावा. या गोष्टीत मोठं कोण होतं? जिला दिवस गेले ती मुलगी, की तिच्याकडे पाहणारे बाकीचे? बरेच चित्रपट इथेच उघडे पडतात.

आपल्या ‘बालक-पालक’चंच घ्या. 2013 साली रवी जाधव यांनी मोठ्या धाडसाने आणि तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने हा विषय मराठी घरांत नेला. आईवडील मुलांना सोबत घेऊन थिएटरात गेले, याचं मोल कमी नाही. पण गोष्टीची सुरुवात कुठून होते ते पाहा. चाळीतल्या ज्योतीला लग्नाआधी दिवस जातात, कुजबुज होते, ती चाळीतून निघून जाते. त्यानंतर चित्रपट मागे राहिलेल्या मुलांचा होतो. त्यांचं कुतूहल, त्यांची चोरून मिळवलेली माहिती, त्यांची फजिती आणि अखेर कदमकाकांच्या (किशोर कदम) रूपाने भेटलेला समजूतदार मोठा माणूस. मुलं शहाणी होतात, प्रेक्षकातले पालकही थोडे शहाणे होतात. ज्योती मात्र गेली ती गेलीच. तिने काय ठरवलं, तिला कोणी काही विचारलं का, शाळा सुटली का, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. चांगल्या हेतूच्या चित्रपटानेही तिला धड्यापुरतं वापरलं, ही माझी त्याच्याविषयीची खरी तक्रार आहे.

हिंदीत ही सवय आणखी जुनी. ‘ज्युली’मध्ये (1975) मूल गुपचूप जन्माला येतं आणि अनाथाश्रमात जातं. आईच्या भूमिकेतली नादिरा लक्षात राहते, मुलीच्या मनात काय चाललं असेल ते गाण्यांत विरून जातं. कुंदन शाह यांचा ‘क्या कहना’ 2000 साली आला तेव्हा कॉलेजकुमारी प्रियाने मूल ठेवायचं ठरवणं हीच बातमी होती. प्रीती झिंटाच्या चेहऱ्यावरचा हट्ट आजही ताजा वाटतो. पण त्या चित्रपटाला मोठं होणं म्हणजे जाहीर भाषण वाटतं. कॉलेजच्या सभागृहात मुलीने आपली बाजू मांडावी, निंदा करणाऱ्यांच्या माना खाली जाव्यात आणि लग्नाला तयार असलेला भला मुलगा शेजारी उभा असावा. टाळ्या मिळाल्या की प्रश्न सुटला! रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या बाळाचं काय करायचं, याला तिथे जागा नाही.

या बाबतीत मराठी रंगभूमी पुढे होती. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे वयाने मोठी, शिक्षिका. पण कोवळ्या वयात मामाने केलेला विश्वासघात घेऊनच ती इथवर आलेली असते. तिच्या पोटातल्या मुलावर खटला चालतो आणि अखेर ती बोलू लागते तेव्हा रंगमंचावरचे बाकी सगळे गोठलेले असतात. ती बोलते आणि ऐकणारं कोणी नसतं. 1971 साली सत्यदेव दुबे यांनी हे नाटक पडद्यावर आणलं, सुलभा देशपांडे यांना घेऊन. त्यानंतरच्या अर्धशतकात तिच्या निम्म्या वयाच्या मुलीला इतकी जागा देणारी भूमिका आपण लिहायला हवी होती.

‘जूनो’चा (2007) उल्लेख टाळता येत नाही. डायाब्लो कोडीला याच पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. सोळा वर्षांची चुरचुरीत बोलणारी जूनो मूल जन्माला घालून एका श्रीमंत जोडप्याला द्यायचं ठरवते. समजूतदार वडील, सोनोग्राफी करणाऱ्या बाईला चार शब्द सुनावणारी सावत्र आई, खर्च उचलणारं दत्तक कुटुंब: सगळं तिच्या बाजूचं. इतकी सोय किती मुलींच्या वाट्याला येते? तरी हा चित्रपट मला आवडतो, कारण त्यात एक बोचरी गोष्ट आहे. होणारा दत्तक पिता मार्क हा तिशी ओलांडलेला माणूस जबाबदारी समोर येताच पळ काढतो. वय वाढलं म्हणून माणूस मोठा होत नाही, हे जूनोला त्याच्याकडे पाहून कळतं. आणि मग ती मूल त्याच्या बायकोच्या, एकट्या व्हेनेसाच्या हाती द्यायचं ठरवते. हा निर्णय तिचा असतो, पाहून-समजून घेतलेला असतो.

ऑटमकडे यातलं काहीच नाही. पेनसिल्व्हेनियात अठरा वर्षांखालच्या मुलीला गर्भपातासाठी पालकांची संमती लागते, न्यूयॉर्कमध्ये लागत नाही, म्हणून ती बहीण स्कायलरसोबत बसने निघते. गावातल्या केंद्राने दहा आठवडे सांगितलेले असतात, न्यूयॉर्कला कळतं की अठरा झालेत. पैसे संपतात. परतीच्या तिकिटासाठी स्कायलर एका मुलाला जवळ येऊ देते, तेव्हा खांबाआडून ऑटम हात पुढे करते आणि तिची करंगळी धरते. स्वतःच्या संकटात बुडालेल्या मुलीला दुसरीने मोजलेली किंमत दिसते. एका शब्दाशिवाय हिटमन हे दाखवते. ‘क्या कहना’च्या अख्ख्या भाषणाहून यात जास्त वाढ आहे.

चाडचे महामत-सालेह हारून यांनी ‘लिंगुई’मध्ये (2021) हीच गोष्ट आई-मुलीच्या नात्यातून मांडली. एन्जामेनात जुन्या टायरमधल्या तारा काढून शेगड्या विणणारी अमिना आणि गरोदर म्हणून शाळेतून काढून टाकलेली पंधरा वर्षांची मारिया. अमिना स्वतःही कुमारी माता, घरच्यांनी टाकलेली. लेकीचं कळल्यावर आधी ती हात उगारते, मग धर्म आणि कायदा दोन्ही विरोधात असताना तिच्यासाठी दारोदार फिरते. इथे आईसुद्धा वाढते. पण ‘बालक-पालक’सारखी मुलीला पडद्याबाहेर पाठवून नव्हे.

मग आपल्याकडची खरी गोष्ट कोणती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या 6.8 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण 7.6 टक्के. यातल्या बहुतेक मुली कुमारी माता नाहीत, त्या विवाहित आहेत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड-मराठवाड्यात ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. तोडीच्या मुक्कामावर लेकीला एकटी कुठे ठेवायची, ही धास्ती वेगळीच. म्हणून नववीतली मुलगी मंडपात उभी राहते आणि पुढच्या हंगामात पोटुशी असताना मोळ्या वाहते. तिथे बदनामी नाही, कुजबुज नाही, ओटी भरतात. आपल्या चित्रपटांना किशोरवयीन गरोदरपण दिसतं ते अब्रू जाते तेव्हाच. हळद लागलेली असली की कॅमेऱ्याला काही खटकत नाही.

आणि नाट्य हवं असेल तर ते कायद्यातही भरपूर आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. बालविवाह झालेला असेल तर नवराच आरोपी ठरतो, म्हणून घरचे दवाखान्यात वय वाढवून सांगतात किंवा येतच नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने तिची ओळख उघड करू नये, अशी वाट मोकळी केली. केसपेपर हातात घेतलेली मुलगी, तिच्या मागे सासू, समोर रजिस्टर उघडून बसलेली सिस्टर: या तिघींतल्या पाच मिनिटांवर अख्खा चित्रपट उभा राहू शकतो.

2025 साली दार्देन बंधूंनी ‘यंग मदर्स’मध्ये बेल्जियममधल्या एका मातृगृहातल्या कोवळ्या आया घेतल्या आणि बाळ झाल्यानंतर काय, यावरच चित्रपट केला. कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. आपल्या लेखक-दिग्दर्शकांना माझी हीच विनंती आहे. चाळीला आणि गावाला काय वाटलं यात पूर्वार्ध खर्च करू नका. जिला दिवस गेले आहेत तिलाच गोष्ट सांगू द्या आणि बाळंतपणानंतर निदान वर्षभर तिच्यासोबत थांबा.