टाळता आला असता असा अनर्थ

सरकारी अहवाल हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अहवाल हा फडताळात ठेवण्यासाठीच लिहिला जातो अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. परंतु काही अहवाल असे असतात की ज्यांत एखादा समाज स्वतःच्या अपराधाकडे डोळे उघडून पाहण्याचा प्रयत्न करतो. अशा लेखनात कोणाला कर्ता केले आहे, कोणते क्रियापद कोणाच्या वाट्याला आले आहे आणि कोठे वाक्य कर्त्यावाचून सोडून दिले आहे, हे पाहणे अगत्याचे असते. कारण उद्या कोणता कायदा होणार आणि कोण मोकळा सुटणार, हे बव्हंशी त्यावरून ठरते. अमेरिकेच्या वित्तीय संकट चौकशी आयोगाचा जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या दृष्टीने वाचण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचविण्यासाठी ८५ अब्ज डॉलरचे सरकारी साहाय्य जाहीर झाले आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी अमेरिकन काँग्रेसने ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. हे सारे कशामुळे घडले याचा शोध घेण्यासाठी मे २००९ मध्ये कायद्याने दहा सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. सहा सदस्य डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांनी निवडले, चार रिपब्लिकन पक्षाच्या. फिल अँजेलिडीस अध्यक्ष होते, तर बिल थॉमस उपाध्यक्ष. आयोगाने सातशेहून अधिक साक्षीदारांशी बोलणे केले आणि १९ दिवस जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातून बावीस प्रकरणांचा, पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ सिद्ध झाला.

या ग्रंथाचे पहिले आणि सर्वांत मोठे श्रेय हे की, संकट टाळता आले असते असे तो निःसंदिग्धपणे म्हणतो. आज हे विधान साधे वाटेल. पण त्या काळी बड्या मंडळींच्या तोंडी दुसरीच भाषा होती. संकटाला कोणी शतकातून एकदा येणारे वादळ म्हणे, कोणी महापूर. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, माजी अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्सुनामीचीच उपमा वापरली होती. उपमा निरुपद्रवी नसतात. समुद्राला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. जो माणूस संकटाला लाट म्हणतो, तो चौकशी सुरू होण्यापूर्वीच ती संपवून टाकतो. आयोगाने ही उपमा नाकारली आणि तिच्या जागी तारखा ठेवल्या, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

या तारखा बोलक्या आहेत. बेबंद गृहकर्जांना आळा घालण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हला १९९४ च्या एका कायद्याने मिळाला होता. त्याचा पुरता वापर करणारे नियम आले जुलै २००८ मध्ये, घरांच्या किमती कोसळल्यानंतर. डेरिव्हेटिव्ह नावाच्या सौद्यांचा जो व्यवहार शेअर बाजाराबाहेर, दोन पक्षांत परस्पर होतो, त्याला २००० साली कायदा करूनच नियमनाच्या बाहेर ठेवण्यात आले. पाच मोठ्या गुंतवणूक बँकांची स्थिती सांगताना अहवाल म्हणतो की, एका मोजमापानुसार त्यांच्या ४० डॉलरच्या मालमत्तेमागे स्वतःचे भांडवल एकच डॉलर होते; म्हणजे मालमत्तेची किंमत तीन टक्क्यांनीही घसरण्याआधी भांडवल संपावे! मूडीज या पतमापन संस्थेने २००६ साली गृहकर्जांवर आधारलेल्या सरासरी ३० रोख्यांना दर कामाच्या दिवशी सर्वोच्च दर्जा बहाल केला. त्या वर्षीच्या अशा रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे खाली आणावा लागला. या आकड्यांपुढे वेगळ्या विशेषणाची गरज उरत नाही आणि बहुतेक ठिकाणी आयोगाने ते वापरण्याचा मोह टाळला आहे.

निवेदनाच्या दृष्टीने अहवालाचे यश आहे ते कर्जाची साखळी उलगडून दाखविण्यात. आपल्या कथा-कादंबऱ्यांतील सावकार कितीही निर्दय असला तरी ऋणकोला ओळखत असतो. कर्ज बुडाले तर त्याचेही काही बुडते, म्हणून तो शेताची माती हातात घेऊन पाहतो. इथे दलाल कर्ज मिळवून देतो व आपली दलाली घेऊन बाजूला होतो. कर्ज देणारी कंपनी ते लगोलग विकून टाकते. बँक अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे काढते, पतमापन संस्था त्यांवर शिक्का मारते आणि दूरदेशीच्या एखाद्या गुंतवणूकदाराच्या हाती ते पडतात. साखळीतील प्रत्येकाचा लाभ कर्ज देण्यात आहे. ते फिटते की नाही याची काळजी कोणालाच नाही. ज्याने सही केली आणि ज्याने पैसा दिला त्यांची एकमेकांशी गाठ कधीच पडत नाही. कर्ज थकले, घर जप्त होऊ लागले, तेव्हा तडजोडीसाठी कोणाच्या दारात जावे हेही त्या कुटुंबाला उमगेना. जप्तीवरचे प्रकरण आयोगाने अगदी शेवटी ठेवले आहे. आमच्या मते ते आरंभी असायला हवे होते.

आता मुख्य आक्षेप. निष्कर्षांपाशी आल्यावर अहवालाचा सूर बदलतो. दोष ग्रहताऱ्यांचा नसून आपलाच आहे, अशा अर्थाचा शेक्सपिअरच्या नाटकातील संवादाचा आधार घेऊन अहवाल राष्ट्राला आत्मपरीक्षणाचे आवाहन करतो. जे घडू दिले त्याची जबाबदारी राष्ट्राने स्वीकारावी असे म्हणतो. इंग्रजी भाषेला हे सोपे जाते, कारण तिच्याजवळ त्या सर्वनामासाठी एकच शब्द आहे. मराठी भाषांतरकाराला मात्र येथे थांबावे लागेल. त्याने ‘आपण’ म्हणावे की ‘आम्ही’? ‘आपण’ म्हटले तर जिचे घर गेले ती विधवाही दोषात भागीदार ठरते. ‘आम्ही’ म्हटले तर बोलणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी, दोष स्वतःकडे घेतला असा अर्थ होतो. एका शब्दाच्या निवडीवर सगळ्या न्यायाचा तोल अवलंबून आहे. मूळ लेखकांना ही निवड करावी लागली नाही, आणि त्यांनी ती केलीही नाही.

आयोगावर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे की, सार्वजनिक नेते, नियामक संस्थांचे प्रमुख आणि बुडालेल्या कंपन्यांचे मुख्याधिकारी यांच्यावर विशेष जबाबदारी असल्याचे अहवाल स्पष्टपणे नोंदवितो. परंतु ‘विशेष’ या विशेषणाने वाटणी होत नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या ठिकाणी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक आहे की, ‘आपण सारेच पापी आहोत’ हे वाक्य सत्य असूनही पुष्कळदा पळवाट म्हणून उच्चारले जाते. सर्वांचा दोष सांगणारा स्वतःचा दोष त्यात विरघळवून टाकतो.

भिन्नमतपत्रिका वाचल्यावाचून हा ग्रंथ वाचून होत नाही. रिपब्लिकन नेत्यांनी निवडलेल्या चारही सदस्यांनी बहुमताच्या निष्कर्षांवर सही केली नाही. थॉमस, हेनेसी आणि होल्ट्झ-ईकिन या तिघांचा मुद्दा विचारार्ह आहे: अमेरिकेतील नियमनाचे अपयश हेच कारण असेल तर जेथे अमेरिकेचे कायदे चालत नाहीत त्या ब्रिटन, स्पेन, आयर्लंड या देशांतही घरांच्या किमतींचा फुगा कसा फुगला? कारणांची यादी करणे आणि कार्यकारणभाव दाखविणे यांत अंतर आहे, हे त्यांचे म्हणणे बहुमताच्या अहवालाचे वर्मस्थान दाखविते. चौथे सदस्य पीटर वॉलिसन यांनी स्वतंत्र पत्रिका जोडून सरकारच्या गृहनिर्माण धोरणालाच मूळ कारण ठरविले. गरिबांना घरे मिळावीत म्हणून कर्जाचे निकष सैल केले गेले आणि त्यातून अनर्थ ओढवला, असा त्यांचा रोख आहे. हा युक्तिवाद नेटका आहे. पण ४० डॉलरमागे एक डॉलर ठेवण्याची सक्ती कोणत्याही गृहनिर्माण धोरणाने बँकांवर केली नव्हती. तिघा सहकाऱ्यांनीही त्यांची साथ केली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

या मतभेदापेक्षा गंभीर गोष्ट कालक्रमात दडलेली आहे. वित्तीय सुधारणांचा प्रमुख कायदा, डॉड-फ्रँक म्हणून ओळखला जाणारा, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २१ जुलै २०१० रोजी मंजूर केला. चौकशीचा अहवाल आला २७ जानेवारी २०११ रोजी. औषध आधी, रोगनिदान मागाहून! कायदा क्षुद्र होता असे कोणी म्हणणार नाही. त्याने ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी स्वतंत्र कार्यालय उभारले, डेरिव्हेटिव्हचे पुष्कळसे सौदे उघड व्यवस्थेत आणले, ठेवीदारांच्या जिवावर बँकेने स्वतःसाठी सट्टा करू नये म्हणून व्होल्कर नियम घातला आणि बड्या बँकांना आपल्या मृत्युपत्रासारखा आराखडा आधीच लिहून ठेवायला लावला. आंतरराष्ट्रीय पातळीवर बाझल येथील समितीने २०१० च्या अखेरीस बँकांच्या किमान समभाग भांडवलाचे प्रमाण २ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांवर नेले व त्यावर अडीच टक्क्यांची जादा राखण सुचविली. राजकारणात दार थोडाच वेळ उघडे असते, म्हणून आधी कायदा करणे भाग होते, हा बचावही आम्ही मान्य करतो. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. काय चुकले याविषयी एकमताची कथाच तयार झाली नाही. आणि ज्या कुंपणामागची कथा लोकांना ठाऊक नाही ते कुंपण उखडणे सोपे असते.

२०१८ साली तसेच घडले. त्या वर्षी १७ मे रोजी व्हॅटिकनने अर्थव्यवहाराच्या नीतीविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. बाजार स्वतःचे नियमन स्वतः करू शकत नाही असे त्यात प्रतिपादले होते आणि दुसऱ्याच्या बुडण्यावर पैज लावणाऱ्या सौद्यांचा निषेध केला होता. बरोबर एका आठवड्याने, २४ मे रोजी, अमेरिकेत कडक देखरेखीची मर्यादा ५० अब्ज डॉलरच्या बँकांवरून २५० अब्जांवर नेणारा कायदा मंजूर झाला. पुढल्याच वर्षी फेडरल रिझर्व्हने मधल्या आकाराच्या बँकांचे नियम सैल केले.

१० मार्च २०२३ रोजी सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिची मालमत्ता सुमारे २०९ अब्ज डॉलर, म्हणजे नव्या मर्यादेच्या आतली. व्याजदर चढल्याने तिच्याजवळच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या किमती उतरल्या होत्या आणि तिच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवींना विम्याचे छत्र नव्हते. आदल्या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून नेले. २८ एप्रिल रोजी फेडरल रिझर्व्हचे उपाध्यक्ष मायकेल बार यांनी या प्रकरणाचा अहवाल दिला. बँकेच्या संचालकांचे व व्यवस्थापनाचे अपयश त्यांनी आरंभीच मांडले. पण आपल्याच संस्थेच्या पर्यवेक्षकांना धोक्याची खोली कळली नाही, जे धोके कळले त्यांवर त्यांनी पुरेशी कृती केली नाही आणि नियम सैल करण्याच्या धोरणाने त्यांचे हात आखडले, हेही स्वच्छ शब्दांत लिहिले. बँक बुडाली तेव्हा तिच्यासंबंधीच्या ३१ त्रुटी पर्यवेक्षकांच्या दप्तरी निकालाविना पडून होत्या.

साहित्यगुणांत २०२३ चा हा अहवाल २०११ च्या अहवालाच्या पासंगालाही पुरणार नाही. तो रुक्ष आहे आणि त्याला शेक्सपिअर आठवत नाही. तरीही आम्ही त्याला एका बाबतीत उजवा मानतो. त्याचे भाषांतर करणाऱ्याला सर्वनामाशी अडखळावे लागणार नाही. जेथे ‘आम्ही’ हवे तेथे ते ‘आम्ही’च आहे. मात्र दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की मन खिन्न होते. १९९४ चा अधिकार चौदा वर्षे पुरता वापरला गेला नाही. ३१ त्रुटी नोंदल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. नियम नव्हता, अशी सबब दोन्ही वेळा पुरती लागू पडत नाही. बँक फायद्यात असताना, बाजार तेजीत असताना आणि वरिष्ठांची इच्छा नसताना, हाती असलेला अधिकार वापरणारा अधिकारी कसा घडवावा, याचे उत्तर या पानांत आम्हांस सापडले नाही. सुधारणा मागणाऱ्यांनी यापुढे हाच प्रश्न आधी विचारावा. तोपर्यंत आमच्या वाचकांनी आयोगाचा अहवाल अवश्य वाचावा. मात्र शेवटचे, घरांच्या जप्तीचे प्रकरण आधी वाचावे, आणि निष्कर्षांपाशी आल्यावर प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा.