आसरांना आसरा कोणी दिला?

दिवाळीत भुताखेतांचे नाव काढू नये, असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतील. पण मी ज्या सातजणींविषयी लिहितो आहे त्यांची ओटी याच मंडळींनी भरलेली असते. तेव्हा राग नसावा.

१९०९ साली नाशिकला ज्याचा वध झाला त्या जॅक्सनने शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहून मागवल्या होत्या. एन्थोव्हनने संपादिलेला त्यांचा कोकणखंड १९१५ मध्ये निघाला. मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ सारे त्यात हजर आहेत. मास्तरांनीच घेतलेली हजेरी ती! संग्रह मोलाचा खरा. पण भुताचे नाव, लक्षण आणि उतारा एवढे मिळाले की टिपणकार समाधानी. या भुताच्या मुळाशी कोणाचे दुःख आहे, हा प्रश्न राहूनच जातो.

पाण्यातली भुते जगभर आहेत. इंग्लंडात लँकेशायरची जेनी ग्रीनटीथ डबक्यातल्या हिरव्या थराखाली दबा धरून बसते आणि काठाशी आलेल्या पोरांना ओढून नेते. पोरांनी पाण्यापासून लांब राहावे, एवढेच तिचे काम. नॉर्वेचा द्राउग म्हणजे समुद्रात बुडालेला, मूठमातीही न मिळालेला कोळी. तो अर्ध्या होडीतून वल्हवत येतो. दिसला की मरण ठरलेले. दोघांचीही माणसांना भीतीच वाटते.

आपल्या साती आसरा निराळ्या. शब्द अप्सरांवरून आलेला, ठिकाण डोहाचे नाहीतर विहिरीचे. काठावर सात दगड, त्यांना शेंदूर, हळदकुंकू, खण-नारळ. आणि बुडून मेलेली बाई आसरा होते, असाही समज आहे. मला या समजुतीचे मर्म इथेच दिसते. जिला सासरी थारा नव्हता, माहेरी वाट नव्हती, तिने विहीर जवळ केली. मग गावाने तिला शेंदूर फासला. जिवंतपणी नाकारलेला आसरा मेल्यावर दिला! याला करुणा म्हणावे की सोय? मी म्हणतो, दोन्ही. ओटी भरणाऱ्या बायांची करुणा खरी. पण दगड पुजला की तिला विहिरीपर्यंत कोणी नेले हे विचारायला नको, ही गावाची सोयही तितकीच खरी.

जॅक्सनचे मास्तर आमच्या विष्णुपुरीपर्यंत पोचणे शक्य नव्हते. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. पुढे येथे गोदावरी अडवली गेली आणि शंकरसागर भरला. आता डोह ओळखू येत नाहीत. डोहांच्या गोष्टी म्हाताऱ्या बायांपाशी तेवढ्या उरल्या. सुदैवाने १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ याच विष्णुपुरीत आहे. तेथल्या मुलामुलींनी वह्या घेऊन गोदाकाठच्या गावी जावे. मात्र आसरा किती आणि त्यांना नैवेद्य कोणता, एवढ्यावर थांबू नये. त्या सातांतली एखादी कोणाच्या घरची होती, हेही हळूच विचारावे.