शपथ आणि पाठवणी

दिवाळी अंकातले परीक्षण म्हटले म्हणजे ते एखाद्या कादंबरीचे, कवितासंग्रहाचे नाहीतर नाटकाचे असावयाचे, अशी आपली समजूत असते. मी आज ज्याचे परीक्षण करावयास बसलो आहे, ते यांपैकी काहीच नाही. त्याला संहिता आहे, पात्रे आहेत, सभागृह आहे, प्रेक्षकही आहेत. परंतु त्याला तिकीट नाही, आणि ज्याच्या त्याच्या आयुष्यात त्याचा प्रयोग बहुधा एकदाच होतो. परमुलखात जाऊन राहिलेला माणूस त्या देशाचा नागरिक होतो तेव्हा त्याच्याकडून चारचौघांत काही शब्द वदवून घेतात. तो समारंभ, हाच आजचा प्रयोग.

मी तो पाहिला बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ओसरीवर बसून, मोबाईलच्या वीतभर पडद्यावर. दिवस १७ सप्टेंबरचा. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना ही तारीख सांगावी लागत नाही. १९४८ साली याच दिवशी निजामाने हत्यार खाली ठेवले आणि हैदराबाद संस्थानातला आमचा बीड जिल्हा मोकळा झाला. तेव्हापासूनच्या आठवणीसाठी शाळाशाळांतून या सकाळी झेंडावंदन होते. ते आटोपून मी घरी निघालो होतो. वाटेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने हाक मारली. म्हणाली, "गुरुजी, जरा टेका. लेकाचा तिकडं काय तरी कार्यक्रम हाय. आमाला काय कळंना, तुमी सांगा."

मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्या गावच्या नगरपालिकेने समारंभासाठी नेमका हाच दिवस धरला होता, कारण १७ सप्टेंबर हा त्या देशाचा 'नागरिकत्व दिन' आहे. अमेरिकेतही हा दिवस त्याच नावाने पाळतात. १७८७ साली तिथल्या राज्यघटनेवर सह्या झाल्या त्या याच तारखेला. आमच्या मुक्तीचा दिवस आणि त्यांच्या नागरिकत्वाचा दिवस एक निघावा, हा निव्वळ योगायोग. पण त्या सकाळी तो मला योगायोगासारखा वाटला नाही.

प्रयोग असा झाला. एक साधे सभागृह, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. कोणी कोट घालून आलेला, कोणी आपल्या देशीचा पायघोळ झगा, दोघीतिघी साड्यांत. आरंभी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी एका वृद्ध बाईंनी पाहुण्यांचे स्वागत केले. मग महापौर उठले. त्यांनी कायद्याने ठरवून दिलेला मजकूर आणि मंत्र्यांचा संदेश वाचला. त्यानंतर नव्या मंडळींचे दोन गट झाले. प्रतिज्ञेची दोन रूपे असतात, एकात देवाचे नाव येते, दुसऱ्यात येत नाही; ज्याला जे रुचेल ते त्याने म्हणावे. महापौर तुकड्यातुकड्याने सांगत गेले, मंडळी मागून म्हणत गेली. एकेकाचे नाव पुकारले, प्रमाणपत्र दिले आणि सोबत लहानशा कुंडीतले तिथल्या मातीतले एक रोप दिले. ही रोपाची चाल तिकडच्या पुष्कळ नगरपालिकांतून आहे.

आता संहितेकडे वळू. ही प्रतिज्ञा अवघ्या एका वाक्याची आहे. आजपासून पुढे मी या देशाशी आणि इथल्या माणसांशी एकनिष्ठ राहीन. त्यांच्या लोकशाही श्रद्धा माझ्या, त्यांचे हक्क आणि स्वातंत्र्य मी मानीन, त्यांचे कायदे पाळीन. असा तिचा आशय आहे. अलंकार नाही, उपमा नाही, आवेश नाही. पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा मला ती सरकारी परिपत्रकासारखी कोरडी वाटली. पण वर्गात रोज प्रतिज्ञा म्हणवून घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते: समूहाने म्हणावयाच्या मजकुरात शब्दकळा जितकी कमी तितकी बरी. शिवाय या वाक्यात एक शब्द मोलाचा आहे. निष्ठा देशाला वाहिली आहे तशी तिथल्या माणसांनाही वाहिली आहे. १९९४ च्या आधी ती इंग्लंडच्या राणीला वाहावी लागत असे. राणी गेली आणि शेजारी आला, ही संहितेतली सुधारणाच म्हणावी लागेल.

अमेरिकेची शपथ याच्या अगदी उलट प्रकृतीची आहे. ती लांब आहे, आणि तिचा आरंभ स्वीकाराने नव्हे तर त्यागाने होतो. आजवर ज्या परक्या राजाचा, अधिपतीचा वा राज्याचा मी प्रजाजन होतो, त्याच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडतो, असे आधी म्हणावे लागते. हे कलम १७९५ च्या कायद्यापासूनचे आहे, म्हणजे युरोपातल्या राजेरजवाड्यांना समोर धरून घडविलेले. कॅनडात त्यागाचे कलम नाही. पण तिथे आजही राजे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी इमान राखण्याचे वचन द्यावे लागते. ज्याच्या आजोबांनी 'चले जाव'ची घोषणा दिली, तो नातू टोरोंटोच्या एखाद्या सभागृहात उभा राहून इंग्रजांच्या राजघराण्याचे नाव घेतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल? असा प्रसंग मराठी कथेला केव्हाच हवा होता.

ऑस्ट्रेलियाच्या संहितेचे गुण नीट कळावयाचे तर तिच्या आधीची संहिता पाहावी लागते, आणि ती आम्हा शिक्षकांना लाज आणणारी आहे. १९०१ साली त्या देशाने गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवण्यासाठी कायदा केला. त्यात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. होते ते श्रुतलेखन! बंदरावर उतरणाऱ्याला युरोपातील कोणत्याही भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा घालावयाचा आणि तो चुकला की परत पाठवावयाचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवी. अर्थात उतरणाऱ्याला येत नसेल तीच. १९३४ साली एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार तिथे गेला. तो सरकारला नको होता. परंतु त्याला युरोपातल्या अनेक भाषा येत. तेव्हा त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक भाषा घातली. तो नापास झाला. पुढे वरिष्ठ न्यायालयानेच ती भाषा त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नव्हे, असा निकाल दिला आणि सरकारचे हसे झाले. श्रुतलेखनाची ही परीक्षा १९५८ साली गेली, वर्णभेदाचे ते धोरण १९७३ साली संपले. नापास करण्यासाठी घातलेले श्रुतलेखन ते सर्वांना म्हणता यावे म्हणून तुकड्यातुकड्याने सांगितलेले एक वाक्य, एवढा पल्ला त्या देशाने गाठला आहे. ऊसतोड कामगाराचा मुलगा त्या सभागृहात उभा होता तो या पल्ल्यामुळे. मोबाईलच्या पडद्यावर हा इतिहास दिसत नाही, म्हणून येथे सांगितला.

आणि आमचा स्वतःचा इतिहास? माझ्या आजोबांच्या पिढीची माणसे एका सप्टेंबरात निजामाची प्रजा होती आणि त्याच सप्टेंबरात ती नव्हती. अमेरिकेच्या शपथेतला तो 'अधिपती' आमच्या डोक्यावर खरोखरीच बसलेला होता. त्याला उतरविण्यासाठी कितीजणांनी काय सोसले, हे इथले जुने लोक जाणतात. आमच्याच अंबाजोगाईला शाळामास्तर असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी तो लढा पुढे नेला. पण तो मिटल्यावर आम्हांला कोणी सभागृहात बोलावून चार शब्द म्हणावयास लावले नाहीत. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली आणि शेतात काम करता करता माणसे नागरिक झाली. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. बाहेरून येणाऱ्याने घ्यावयाची शपथ आपल्याही १९५५ च्या कायद्यात आहे, राज्यघटनेशी निष्ठेची. परंतु जन्माने मिळालेल्याला ती म्हणावी लागत नाही. आम्हांला नागरिकत्व पावसासारखे मिळाले. म्हणूनच की काय, कोणी ते मागून, परीक्षा देऊन, उभे राहून घेतो आहे, हे पाहताना मी ओसरीवर नकळत सरसावून बसलो.

परंतु प्रयोगातला सर्वांत मोठा क्षण सभागृहात घडलाच नाही, तो ओसरीवर घडला. टाळ्या वाजल्या, मुलाने कुंडी वर धरून दाखवली. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "गुरुजी, आता त्यो आपला न्हाई म्हनायचा का?"

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर मला ठाऊक होते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिज्ञेत मायदेश सोडल्याचा एक शब्दही नाही. सोडवणूक होते ती आपल्या बाजूने. भारताच्या त्याच १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, आपखुशीने दुसऱ्या देशाचा नागरिक झालेल्या माणसाचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्याने पारपत्र परत करावयाचे, अर्ज भरावयाचा, शुल्क द्यावयाचे. २००५ सालापासून परदेशस्थ नागरिकाचे कार्ड मिळते. त्यावर तो केव्हाही येऊ शकतो, राहू शकतो. मत देऊ शकत नाही. शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. मात्र वडिलांची वारशाने येऊ शकते. हे मी तिला तिच्या भाषेत सांगितले. 'रान' त्याला मिळेल म्हणताच तिने मान हलविली. पण तिचा प्रश्न रानाचा नव्हता.

समीक्षक म्हणून मला या प्रयोगात जो दोष दिसतो तो इथे आहे, आणि तो परक्यांचा नाही. येणाऱ्यासाठी त्यांनी सभागृह सजविले, नावे पुकारली, हातात झाड दिले. जाणाऱ्यासाठी आपण काय केले? 'आपोआप संपते' असे एक क्रियापद लिहिले. आगमनाला अंक आहे, निर्गमनाला सूचनासुद्धा नाही. ज्या लोकांनी निरोपाची एवढी मोठी रीत घडविली, त्यांच्याकडून ही चूक व्हावी याचे नवल वाटते. आपल्या लग्नात मुलगी सासरची होते, पण माहेर सोडल्याचे तिच्याकडून कोणी वदवून घेत नाही. उलट ओटी भरून, शिदोरी देऊन, वेशीपर्यंत जाऊन तिची पाठवणी होते, आणि दिवाळीला तिला आणावयाचे असते. आमच्या जिल्ह्यातून ऊस तोडावयास जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. ट्रॅक्टर सुरू झालेला असतो, तरी म्हातारी दारात उभी राहून लेकरांच्या तोंडावरून हात फिरवते. ही आई स्वतः कित्येक हंगाम तशी गेली आहे. तिला जाणे ठाऊक आहे, निरोपही ठाऊक आहे. पडद्यावर तिला निरोप कुठे दिसला नाही, म्हणून तिने विचारले.

आपल्या लेखकांकडेही या दोषातला वाटा जातो, माझ्यासकट. परदेशाचे उत्तम चित्रण मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेची लोकस्थिती लिहिली, पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली घराघराला विलायत दाखविली. पण हे डोळे परत येणाऱ्या प्रवाशाचे. जो तिथलाच झाला त्याच्या आयुष्यातली ती दहा मिनिटे, आणि त्याच वेळी इकडे ओसरीवर चाललेली दहा मिनिटे, ही दोन्ही एका कथेत मांडलेली निदान माझ्या वाचनात नाहीत. सरकारने पाठवणीचा समारंभ काढावा असे मी म्हणत नाही. सरकारी हळदीकुंकवाला ओलावा येत नसतो. पण कथा-कादंबरीला ते करता येईल, आणि घराला तर नक्कीच येईल. लेक-सून कार्ड घेऊन सुट्टीला आली की एक दिवस ओटी भरावी, औक्षण करावे, आणि जा म्हणावे, ये म्हणावे. एवढ्याने कायद्यातले क्रियापद बदलणार नाही. आईचा प्रश्न मात्र सुटेल.

त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिले, ते सांगून थांबतो. तिच्या परसात सीताफळाचे झाड आहे. मी म्हणालो, "बाई, हे झाड मुळात अमेरिकेच्या बाजूचे. दर्यापार करून कधीकाळी इकडे आले. आज बीडच्या सीताफळाला बीडच्या नावाचे सरकारी मानांकन आहे. तिकडचे इकडे आपले झाले. इकडचा तिकडे त्यांचा झाला, तर तो तुमचा कसा राहणार नाही?"

तिला माझे बोलणे कितपत पटले, ते सांगता येत नाही. मास्तरांची उत्तरे नेहमीच जरा जास्त गोळीबंद असतात. ती उठली, आत गेली. पण परवा दिवाळीच्या खरेदीला तालुक्याला निघालो, तेव्हा तिच्या दारावरून जाताना तिचा फोनवरचा आवाज कानी आला. मोठ्याने बोलत होती. परदेशी बोलायचे म्हणजे मोठ्याने बोलावे लागते, असे तिला वाटते.

"झाड जगलं का रं? पानी घालतूस ना?"